नज्जाशीच्या दरबारातील भाषण : विद्यार्थ्यांसाठी वक्तृत्वाचा एक पाठ





जानेवारी किंवा ऑगस्ट महिना जवळ आला, अथवा रबीउल अव्वलचा चंद्र दिसला, की असरच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर मुलांची वर्दळ वाढते. कोणाला प्रजासत्ताक दिनाचे भाषण लिहून हवे असते, कोणाला सीरतच्या जलशासाठी तकरीर. मागणी ठरलेली असते : पाच मिनिटांचे द्या, पण जोरदार द्या. पाठ करण्याची जबाबदारी मुलाची आणि जोर कोठून आणायचा ही जबाबदारी माझी! अलीकडे मी लिहून देणे बंद केले आहे. त्याऐवजी मी त्या मुलाला एवढेच विचारतो, "तुला काय सांगायचे आहे?" बहुतेक मुले या प्रश्नाने गोंधळून जातात. भाषण करायचे आहे हे त्यांना ठाऊक असते. भाषणात काही सांगायचेही असते, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते.

सूरह रहमानच्या आरंभी (५५:३-४) मनुष्याच्या निर्मितीचा उल्लेख येतो आणि त्याला लागूनच त्याला 'बयान' शिकविल्याचा. बयान म्हणजे नुसता आवाज नव्हे. मनात जे आहे ते दुसऱ्यापुढे उघड व स्पष्ट करून ठेवण्याची शक्ती, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. ही देणगी न वापरल्याची किंमत आपल्या वस्त्यांत रोज मोजली जाते. ग्रामसभेत पाण्याचा विषय निघतो, अडचण आपल्या गल्लीची असते आणि आपली माणसे भिंतीला टेकून उभी राहतात. बोलतो दुसराच कोणी. पदवी घेतलेला मुलगा नोकरीच्या मुलाखतीला जातो, प्रश्नाचे उत्तर त्याला येत असते, पण तो "येस सर" एवढेच म्हणून परततो. शाळेत मुलीवर चुकीचा आरोप होतो, ती रडते. काय घडले ते चार वाक्यांत सांगू शकत नाही. म्हणून वक्तृत्व हा केवळ ढाल आणि प्रशस्तिपत्रकाचा विषय आहे, असे मला वाटत नाही.

आज मी तुमच्यापुढे एकच भाषण ठेवणार आहे. ते सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी झाले. सावकाश वाचले तरी दोन-तीन मिनिटांत संपते. परंतु त्या दोन-तीन मिनिटांवर अनेक माणसांचे प्राण अवलंबून होते.

हबशाचा दरबार

प्रेषित्वाच्या पाचव्या वर्षी, म्हणजे इ. स. ६१५ च्या सुमारास, मक्केतील छळ असह्य झाल्यावर काही मुस्लिम स्त्री-पुरुष प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सल्ल्याने समुद्र ओलांडून हबशाला गेले. तेथे अक्सूमचे ख्रिस्ती राज्य होते आणि तेथील राजाला अरब लोक नज्जाशी म्हणत. कुरैशांनी त्यांच्या पाठोपाठ दोन दूत धाडले : अम्र बिन आस आणि अब्दुल्लाह बिन अबी रबीआ. अम्र यांनी पुढे इस्लाम स्वीकारला. त्या वेळी मात्र ते कुरैशांचे अत्यंत चतुर प्रतिनिधी होते. त्यांच्या चातुर्याकडे लक्ष द्या. ते आधी राजाकडे गेलेच नाहीत. मक्केच्या नामांकित कातड्याच्या भेटी घेऊन ते प्रथम एकेका धर्माधिकाऱ्याला भेटले आणि सर्वांकडून एक वचन घेतले की, राजापुढे विषय निघेल तेव्हा या लोकांचे म्हणणे न ऐकताच त्यांना आमच्या हवाली करण्याचा सल्ला तुम्ही द्यावा. समोरच्याला बोलूच द्यायचे नाही, हा त्यांचा डाव होता. बोलण्याची ताकद विरोधक किती अचूक ओळखत होते, ते यावरून दिसते.

राजाने तो डाव मानला नाही. आपल्या आश्रयाला आलेल्यांचे ऐकल्याशिवाय मी त्यांना कोणाच्या स्वाधीन करणार नाही, असे त्याने बजावले आणि मुस्लिमांना बोलावणे पाठविले. हा सर्व वृत्तांत आपल्यापर्यंत हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडून पोहोचला आहे. त्या स्वतः त्या वेळी हबशात होत्या.

बोलावणे आल्यावर ते सर्वजण एकत्र बसले. त्या माणसापुढे गेल्यावर बोलायचे काय, हा प्रश्न त्यांनी एकमेकांना विचारला आणि निर्णय केला की, आपल्याला जे माहीत आहे आणि आपल्या प्रेषितांनी जे शिकविले आहे तेच सांगायचे, मग परिणाम काहीही होवो. बोलणारा एकच असेल, हेही ठरले : प्रेषितांचे चुलतभाऊ, तरुण जाफर बिन अबी तालिब (रजि.). मित्रांनो, तयारीचा पहिला भाग येथेच पूर्ण झाला. कागद हाती घेण्याआधी त्यांनी विषय पक्का केला, मर्यादा पक्की केली आणि माणूस पक्का केला. आपण नेमके उलट करतो. आधी कोणाच्या तरी मोबाइलवरून भाषण उतरवून घेतो आणि मग त्यात आपले काय आहे ते शोधत बसतो.

दरबारात राजाभोवती धर्माधिकारी आपले ग्रंथ उघडून बसले होते. आरोप असा होता की, हे काही अविचारी तरुण आहेत, यांनी बापजाद्यांचा धर्म सोडला, तुमचाही स्वीकारला नाही, आणि नवाच काही धर्म काढला आहे. राजाने नेमके तेच विचारले. आता क्षणभर वाचन थांबवा आणि स्वतःला जाफर (रजि.) यांच्या जागी उभे करा. तुम्ही पहिले वाक्य कोणते बोलला असता?

मी हा प्रश्न आमच्या रविवारच्या वर्गात विचारतो. दहापैकी आठ मुले म्हणतात, "हे दूत खोटे बोलत आहेत." उरलेली दोन राजाची स्तुती सुरू करतात.

जाफर (रजि.) यांनी दोन्ही केले नाही. त्यांनी दूतांचे नावसुद्धा घेतले नाही. राजाला संबोधून त्यांनी आरंभ केला तो स्वतःच्या लोकांच्या दोषांपासून. आम्ही अज्ञानात होतो, मूर्ती पूजत होतो, मेलेले जनावर खात होतो, निर्लज्ज कृत्ये करीत होतो, नातेसंबंध तोडीत होतो, शेजाऱ्याशी वाईट वागत होतो आणि आमच्यातील बलवान दुर्बळाला गिळत असे. अशा आशयाचे ते कथन आहे. कर्ता 'आम्ही' आहे. 'ते' नव्हे. ज्या मक्केच्या सरदारांनी आपल्याला छळले, त्यांचे पाप सांगतानाही या तरुणाने स्वतःला त्या घोळक्यातून वेगळे काढले नाही. जो माणूस आपल्या चुकीपासून सुरुवात करतो, त्याच्या पुढच्या वाक्यावर ऐकणाऱ्याचा विश्वास बसू लागतो. शाळेच्या स्वच्छतेवर बोलणाऱ्या मुलाने "लोक कचरा टाकतात" असे म्हणणे आणि "काल मी वेफरची पिशवी खिडकीतून टाकली" असे म्हणणे, यांत जो फरक आहे तो हाच.

शब्दही पाहा. मेलेले जनावर, शेजारी, नातेवाईक, अनाथाचा माल : हे सारे डोळ्यांपुढे उभे राहणारे शब्द आहेत. 'सामाजिक अधःपतन' किंवा 'नैतिक मूल्यांचा ऱ्हास' असला एकही शब्द त्यात नाही. आपल्या वक्तृत्व स्पर्धांत मात्र असे शब्द पावसासारखे पडतात आणि श्रोता कोरडाच राहतो.

यानंतर भाषण वळण घेते. अशा आम्हांमधूनच अल्लाहने एक प्रेषित उभा केला, ज्याचे कुळ, सत्यनिष्ठा, प्रामाणिकपणा आणि चारित्र्य आम्हांला आधीपासून माहीत होते. मग त्याची शिकवण येते : एकाच ईश्वराची भक्ती, खरे बोलणे, ठेव परत करणे, नाती जोडणे, शेजाऱ्याशी चांगले वागणे, रक्तपात टाळणे, अनाथाच्या मालाला हात न लावणे, सच्छील स्त्रियांवर आळ न घेणे, नमाज, जकात, रोजा. बारकाईने पाहिले तर पहिल्या भागात जे दोष मांडले, त्यांचीच उत्तरे दुसऱ्या भागात आहेत. शेजारी तेथे होता, शेजारी येथेही आहे. श्रोत्याला काही लक्षात ठेवावे लागत नाही. भाषणाची बांधणीच त्याच्यासाठी ते लक्षात ठेवते.

त्यानंतर थोडक्यात छळाची हकीकत. येथे मी दरवेळी थबकतो. ज्यांनी चटके सोसले, ज्यांचे सोबती मारले गेले, ज्यांनी घरदार सोडले, त्या लोकांचा प्रतिनिधी आपल्या दुःखाला दोन-चार वाक्यांपेक्षा अधिक जागा देत नाही. रडत नाही, ओरडत नाही. मग शेवटी मागणे : म्हणून आम्ही तुमच्या देशात आलो, इतरांना सोडून तुम्हांला निवडले आणि येथे आमच्यावर अन्याय होणार नाही अशी आशा धरली. राजाबद्दलचा आदर आता, शेवटी आला आणि तोही स्तुतीच्या रूपाने नव्हे. तुम्ही न्यायी आहात असे न म्हणता, न्यायाची अपेक्षा त्यांनी राजाच्या हाती ठेवली. ती नाकारणे राजाला जड जावे, अशी ती जागा आहे.

नज्जाशीने विचारले, त्या प्रेषिताने आणलेल्या वाणीतील काही तुमच्यापाशी आहे का? जाफर (रजि.) यांनी सूरह मरयमचा आरंभ ऐकविला. तोवर अवतरलेल्या अनेक सूरह त्यांना येत असणार. पण समोर ख्रिस्ती राजा होता, म्हणून त्यांनी तो भाग निवडला ज्यात हजरत जकरिया, यह्या, मरयम आणि ईसा (अ.) यांची कथा आहे. ऐकता ऐकता राजाची दाढी आसवांनी भिजली आणि धर्माधिकाऱ्यांचे उघडलेले ग्रंथही भिजले, असे उम्मे सलमा (रजि.) सांगतात. श्रोता कोण आहे हे ओळखणे म्हणजे त्याला आवडेल ते बोलणे, असा अनेकांचा समज असतो. येथे ती शंका फिटते, कारण दुसऱ्याच दिवशी खरी कसोटी आली.

अम्र यांनी राजाला जाऊन सांगितले की, हे लोक ईसांविषयी भयंकर काही बोलतात. पुन्हा बोलावणे आले. आदल्या दिवशी जिंकलेले सारे एका उत्तराने हातचे जाणार होते. जाफर (रजि.) यांनी सांगितले ते एका वाक्यात मावणारे होते : ते अल्लाहचे दास व प्रेषित आहेत, त्याच्याकडील आत्मा आणि कुमारी मरयमकडे पाठविलेला त्याचा शब्द आहेत. काही लपविले नाही, काही वाढविलेही नाही. राजाने जमिनीवरील एक काडी उचलली आणि तू सांगितलेस त्याहून ईसा या काडीइतकेही वेगळे नाहीत, असे तो म्हणाला. धर्माधिकाऱ्यांनी नापसंतीचे सूर काढले. राजाने दूतांच्या भेटी परत करविल्या.

स्पर्धेत भाषणानंतर परीक्षक प्रश्न विचारतात तेव्हा आपली मुले गडबडतात आणि उत्तराच्या जागी दुसरे भाषण सुरू करतात. अवघड प्रश्नाला लहान व खरे उत्तर द्यावे. येत नसेल तर येत नाही म्हणावे. त्याने गुण फारसे जात नाहीत, हे मी आता स्वतः परीक्षकाच्या खुर्चीत बसून पाहिले आहे.

शांतता, बोटे आणि वाळूवरील रेघा

ज्यांच्या शिकवणीतून जाफर (रजि.) घडले, त्या प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या बोलण्याची वर्णने हदीसच्या ग्रंथांत विपुल आहेत. दुर्दैवाने आम्ही खतीब लोक ती वाचतो आणि लाउडस्पीकर हाती येताच विसरतो. हजरत आएशा (रजि.) सांगतात की, कोणी शब्द मोजू म्हटले तर मोजू शकेल इतके ते सावकाश बोलत. हजरत अनस (रजि.) सांगतात की, महत्त्वाची गोष्ट नीट समजावी म्हणून ते ती तीन वेळा सांगत. नमाज दीर्घ आणि खुतबा आटोपशीर असणे हे माणसाच्या समजेचे लक्षण आहे, अशा अर्थाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. (आमच्या जुम्याचे बयान कधी कधी चाळीस मिनिटे चालते, याची मला लाज वाटते. मुसल्ली सहनशील आहेत.) आवाज त्यांनी कधीच चढविला नाही असेही नाही. खुतबा देताना त्यांचा आवाज उंच होई, डोळे लाल होत, असे हजरत जाबिर (रजि.) यांचे कथन आहे. मात्र तो विषयाच्या तीव्रतेतून चढे. आपल्याकडे विषय कोणताही असो, पहिल्या वाक्यापासून पट्टी एकच असते आणि मग जेथे खरोखर आवाज चढवायचा तेथे घशात काही उरत नाही. सूरह लुकमानमध्ये (३१:१९) हजरत लुकमान आपल्या मुलाला आवाज खाली ठेवण्याचा उपदेश करतात, तो वक्त्यानेही ऐकावा.

विदायच्या हजच्या वेळी, हिजरी सन १० मध्ये, मिना येथे प्रेषितांनी जनसमुदायाला विचारले की, हा कोणता महिना आहे? लोक म्हणाले, अल्लाह आणि त्याचे प्रेषित अधिक जाणतात. ते गप्प राहिले. इतका वेळ गप्प राहिले की, आता ते महिन्याचे नावच बदलणार असे ऐकणाऱ्यांना वाटू लागले. मग त्यांनी स्वतःच सांगितले की, हा जिलहिज्जा नव्हे काय? पुढे शहराबद्दल तसेच, दिवसाबद्दल तसेच. तीन प्रश्न, तीन मौने, आणि त्यानंतर मुख्य गोष्ट : तुमचे रक्त, तुमची मालमत्ता आणि तुमची अब्रू ही या दिवसासारखी, या महिन्यासारखी, या शहरासारखी पवित्र आहे. त्या तीन मौनांनी ऐकणाऱ्यांच्या मनात जागा रिकामी केली आणि मग ती गोष्ट तेथे ठेवली गेली. विद्यार्थ्यांना मौनाची फार भीती वाटते. अर्धे मिनिट थांबलो तर विसरलो असे लोक म्हणतील, ही धास्ती असते. तुम्ही महत्त्वाच्या वाक्याआधी मनात तीनपर्यंत मोजून पाहा. तुम्हांला ते युग वाटेल. समोरच्यांना ते वाटतही नाही, फक्त मोबाइलमधून मान वर होते.

ते हातांचाही उपयोग करीत. मोमिन परस्परांना कसे आधार देतात हे सांगताना त्यांनी एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांत गुंतविली. अनाथाचा सांभाळ करणारा जन्नतमध्ये आपल्या किती जवळ असेल हे सांगताना तर्जनी आणि मधले बोट दाखविले. माणसाची आशा त्याच्या आयुष्यापेक्षा लांब कशी धावते, हे समजावताना त्यांनी एक चौकोन काढला, मधून एक रेघ ओढून ती चौकोनाबाहेर नेली आणि बाजूंना लहान लहान रेघा काढल्या. मधला माणूस, भोवतीचा चौकोन म्हणजे मृत्यू, बाहेर गेलेली रेघ म्हणजे आशा आणि लहान रेघा म्हणजे संकटे. एका आकृतीत सारे काही. हातवारे कसे करावेत याचे पुस्तकी नियम मी मुलांना सांगत नाही. दाखविण्यासारखे काही असेल तर दाखवा. नसेल तर हात खाली सोडा, आपोआप बरे दिसतात.

एक गोष्ट जाता जाता. श्रोत्यांना रडविण्यासाठी ऐकीव कथा ठोकून देणे हा आपल्या व्यासपीठांना जडलेला रोग आहे. हजरत बिलाल (रजि.) यांना 'श' उच्चारता येत नसे, म्हणून त्यांची अजान थांबविली आणि पहाटच उजाडेना, ही कथा तुम्ही ऐकली असेल. हदीसशास्त्राच्या जाणकारांनी ती निराधार ठरविली आहे. बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा सूरह हुजुरातमध्ये (४९:६) आहे. ती व्यासपीठावर चढल्यावर स्थगित होत नाही.

भाषेविषयी

मदरशात दर गुरुवारी रात्री आमची अंजुमन भरे. पाळीपाळीने प्रत्येकाने तकरीर करायची. मी तकरिरींच्या छापील पुस्तकातून पाने पाठ करीत असे आणि बक्षिसेही मिळवीत असे. पुढे मराठी घेऊन बी. ए. करताना एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उभा राहिलो. उर्दूत जे केले तेच मराठीत केले : जड जड शब्दांचे भाषण पाठ केले. दुसऱ्या मिनिटाला 'बाळ' या शब्दातील 'ळ' माझ्या तोंडून 'ल' झाला, मागून कोणी हसले, आणि पाठ केलेली सारी माळ तुटली. एक शब्द निसटला की पुढचा सापडत नाही, कारण शब्द एकमेकांना बांधलेले होते, माझ्या मनातील कोणत्याही गोष्टीला नव्हे. मी आभार मानून खाली उतरलो. खाली एका ज्येष्ठ परीक्षकांनी विचारले, "तुम्हांला म्हणायचे काय होते?" मी त्यांना तेथेच, खुर्च्यांच्या मध्ये उभे राहून, दोन मिनिटांत सांगितले. ते म्हणाले, "हेच वर का बोलला नाहीत?" त्यांचा तो पहिला प्रश्न मी आज मशिदीच्या पायरीवर मुलांना विचारतो.

प्रत्येक प्रेषित आपल्या लोकांच्या भाषेत बोलणारा पाठविला गेला, हे सूरह इब्राहीममध्ये (१४:४) स्पष्ट आहे आणि त्याचे कारणही तेथेच आहे, लोकांना उलगडून सांगता यावे म्हणून. आपल्या मुलांच्या घरी दखनी, मदरशात उर्दू, शाळेत मराठी आणि मोबाइलवर आणखी काही, अशी स्थिती असते. हे दारिद्र्य नाही. पण कोठे कोणती पेटी उघडायची हे कळले पाहिजे. मराठी श्रोत्यांपुढे शुद्ध, सोपी, घरगुती मराठी बोला. 'ळ' आणि 'ण' यांचा सराव लाजेविना करा : रोज दहा मिनिटे मोठ्याने वर्तमानपत्र वाचले की जीभ वळते, माझी वळली. फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले शिवाजीराव भोसले यांच्या व्याख्यानांची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत, ती ऐका. घाई न करता मराठी वाक्य कसे पूर्ण करावे, ते त्यात ऐकू येते.

तयारीची रीतही सांगतो. आमच्या वर्गात घड्याळ लावून पाहिले, तर समजेल अशा गतीने मुले मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द बोलतात. म्हणजे पाच मिनिटांना पाच-सहाशे शब्द पुरे. हजार शब्द आणलेला मुलगा धावणारच. संपूर्ण भाषण एकदा लिहून काढा, मग तो कागद बाजूला ठेवून पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर फक्त पाच-सहा शब्द लिहा, प्रत्येक शब्द एका मुद्द्याची खूण. पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य तेवढे पाठ असू द्या. मधले दरवेळी थोडे वेगळे होईल, होऊ द्या. सराव आरशापुढे करू नका, त्यात आपणच आपल्याला पाहत राहतो, आजीपुढे करा. आजीला समजले नाही तर ती लगेच सांगते.

मुलींच्या पालकांना एक विनंती. आपल्यावर झालेल्या अन्यायाची तक्रार घेऊन हजरत खौला (रजि.) प्रेषितांशी वाद घालत होत्या आणि त्यांचे म्हणणे अल्लाहने ऐकले, याची नोंद सूरह मुजादलाच्या पहिल्याच आयतीत आहे. मुलीने आपली बाजू मांडली की तिला आगाऊ ठरविण्यापूर्वी ती आयत एकदा वाचावी.

जिभेची गाठ

आमच्या वर्गात नववीतला एक मुलगा आहे. तो अडखळतो. विशेषतः 'प' आणि 'क' यांपाशी त्याची वाट अडते, मान आखडते, डोळे मिटतात. गेल्या वर्षी त्याचे आजोबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मौलाना, ह्याला मागं बसवा. चार लोकांत उभं करून पोराचं हसं नको." त्यांच्या बोलण्यात तिरस्कार नव्हता, काळजी होती.

मी त्यांना हजरत मूसा (अ.) यांची प्रार्थना आठवून दिली. फिरऔनकडे जाण्याची आज्ञा झाली, तेव्हा त्यांनी छाती मोकळी करण्याची, काम सोपे करण्याची आणि जिभेची गाठ सोडविण्याची याचना केली, ती कशासाठी, तर लोकांना आपले म्हणणे समजावे यासाठी (सूरह ताहा, २०:२५-२८). काही भाष्यकारांनी येथे एक सुंदर गोष्ट नोंदविली आहे. मूसा (अ.) यांनी जिभेतील सर्व दोष जावा अशी मागणी केलीच नाही, समजण्यापुरती गाठ सुटावी एवढेच मागितले, आणि तेवढे मिळाले. म्हणूनच पुढे फिरऔन त्यांना हिणवतो की, याला धड स्पष्ट बोलताही येत नाही (सूरह जुखरुफ, ४३:५२). आपला भाऊ हारून आपल्यापेक्षा अधिक अस्खलित आहे, असे मूसा (अ.) स्वतःच म्हणतात (२८:३४) आणि त्यांना सोबत मागतात. तरीही फिरऔनपुढे त्यांना उभे राहावेच लागले. तुझ्या जागी अस्खलित भावाला पाठवितो, असे त्यांना सांगण्यात आले नाही.

इतिहासात दुसरे एक उदाहरण आहे. बसऱ्याचे वासिल बिन अता (मृत्यू हि. १३१) यांना 'र' उच्चारता येत नसे. त्यांच्या मुअतजिला पंथाशी आमच्या उलमांचे गंभीर मतभेद आहेत, ते आपल्या जागी. पण हा माणूस 'र' असलेला प्रत्येक शब्द टाळून, त्याच अर्थाचे दुसरे शब्द योजून, भर सभेत खुतबा देई. अरबी वक्तृत्वावर मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या जाहिजनेही त्याची दखल घेतली आहे. शब्द टाळण्याची ही युक्ती मी मुलांना शिकवीत नाही, कारण टाळता टाळता भीती वाढते. अडचणीसह उभे राहता येते, एवढ्यासाठी ती सांगतो.

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. त्याचे वाक्य आपण पूर्ण करू नये. "हळू बोल, श्वास घे" असे वारंवार टोकू नये. त्याऐवजी आपणच सावकाश बोलावे. तो अडला की नजर फिरवू नये. वाचा-उपचारतज्ज्ञांना अवश्य भेटावे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची वाक् व श्रवणविषयक राष्ट्रीय संस्था आहे, तेथे तपासणी व मार्गदर्शन होते. दुआही करावी आणि उपचारही; दोन्हींत विरोध नाही.

आजोबांनी मुलाला मागे बसविण्याचा आग्रह सोडला. मीही एक नियम केला : वर्गात कोणी अडले तर बाकीच्यांनी जमिनीकडे पाहायचे नाही आणि हसणाऱ्याने पुढचे भाषण करायचे. या २६ जानेवारीला त्या मुलाने शाळेत भाषण केले. विषय त्याने स्वतः निवडला होता : आमच्या गल्लीतील नळाला पाणी किती वाजता येते आणि त्यामुळे कोणाची शाळा बुडते. आरंभ त्याने स्वतःपासून केला : बहीण भांडी भरते म्हणून मी वेळेवर शाळेत येतो आणि ती उशिरा येते, हे मी इतकी वर्षे पाहत आलो आहे. दोन मिनिटांच्या भाषणाला त्याला जवळजवळ पाच मिनिटे लागली. 'पाणी' या शब्दापाशी तो तीनदा अडला. प्रत्येक वेळी थांबला आणि तोच शब्द पुन्हा घेतला. वेळ संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठले नाही. त्याला क्रमांक मिळाला नाही. ग्रामपंचायतीचे एक सदस्य समोर बसले होते, त्यांनी नंतर नळाची वेळ त्याच्याकडून लिहून घेतली. वेळ अजून बदललेली नाही.

पुढच्या महिन्यासाठी त्याने मशिदीमागच्या गटाराचा विषय मागून घेतला आहे. फळ्यावर गल्लीची आकृती काढायची आहे, तेव्हा रंगीत खडू आणून ठेवा, असे त्याने मला सांगून ठेवले आहे.